अश्विनीकुमारांचा सोमभाग

गेल्या आश्विनांतील गोष्ट. कोजागिरी होऊन चारपांच दिवस लोटले होते. वाईस आमचें घर जुन्या वळणाचें आहे. थोरले बंधु, वहिनी, मी, आमचें कुटुंब आणि बंधूंची नात अशीं आम्ही पांच माणसें एका चुलीवर जेवतों. पुतण्या व सून पुण्यास नोकरीला असल्यामुळें शनिवारीं येतात व सोमवारीं पहांटे जातात. नात येथेंच एका शाळेंत गणित शिकविते. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत काव्य-व्याकरणाचें थोडें अध्ययन करून तीसहून अधिक वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, आणि आतां आठ वर्षें निवृत्तिवेतनावर सुखानें दिवस काढीत आहें. हें सारें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, पुढें जें लिहावयाचें आहे त्यांत माझ्या शिक्षणाचा, माझ्या निवृत्तिवेतनाचा आणि आमच्या घराच्या वळणाचा, तिहींचाही संबंध येतो.

त्या रात्रीं दीडच्या सुमारास वहिनींनीं माझ्या खोलीची कडी वाजविली. "भाऊजी, जरा येतां का? ह्यांना बरें वाटत नाहीं." मी गेलों तों दादा पलंगाच्या कडेला बसले होते. सदरा घामानें भिजला होता, छातीवर कोणी दगड ठेविल्यासारखें वाटत होतें आणि कळ डाव्या खांद्यांतून हनुवटीकडे जात होती. माणूस साठीच्या पुढें गेला कीं, प्रत्येक दुखण्याचें निदान आपल्याला येतें असा त्याचा समज होतो. "पित्त आहे, रात्रीं भजीं खाल्लींत ना!" असें मी मोठ्या अधिकारानें म्हणालों. वहिनींनीं आल्याचा रस व मध दिला. आमच्या कुटुंबानें पाठीला तेल चोळलें. ह्या सोपस्कारांत वीस मिनिटें गेलीं.

आवाजानें नात जागी होऊन आली. तिनें आजोबांकडे एकवार पाहिलें आणि फोन उचलला. "पहांटेपर्यंत पाहूं, उजाडल्यावर आपल्या डॉक्टरांना बोलावूं," असें मी म्हणालों, तें तिनें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. पंधरावीस मिनिटांत गल्लीच्या तोंडाशीं रुग्णवाहिका उभी राहिली. ती कोणत्या संस्थेची होती हें मी मुद्दामच लिहीत नाहीं. कारण माझी तक्रार एका संस्थेविषयीं नसून एका रीतीविषयीं आहे, आणि त्या रीतीचा मीही एक पाईक आहें.

गाडींतून दोघे उतरले. एक अठ्ठावीस-तीस वर्षांचा तरुण डॉक्टर, दुसरा चाळिशीचा वाहनचालक. डॉक्टरानें दादांच्या छातीला ताऱ्या लावून ईसीजी काढला, त्या कागदाच्या पट्टीकडे पाहिलें, आणि एक गोळी दादांच्या हातावर ठेवून "चावून खा, गिळूं नका" असें सांगितलें. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "हार्ट अटॅक आहे. आतां निघायला हवें. साताऱ्याच्या इस्पितळाला मी वाटेंतून फोन करतों." आमच्या जिन्यावर दोन माणसें शेजारीं उभीं राहात नाहींत. त्या जिन्यावरून दादांना खुर्चींत बसवून त्या दोघांनीं असें उतरविलें कीं, वहिनींच्या तोंडून "सांभाळून" हा शब्द निघण्याचीही वेळ आली नाहीं.

मी मागें दादांच्या पायांशीं बसलों. पांचवड मागें पडलें. आनेवाडीच्या अलीकडे दादांनीं एकाएकीं मान टाकली. डोळे उघडेच होते, पण त्यांत दादा नव्हते. मी ओरडलों कीं नाहीं तें मला आठवत नाहीं. डॉक्टरानें पुढच्या कांचेवर दोन थापा मारल्या. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली, आणि मागचें दार उघडून चालक आंत चढला. त्यानें एक शब्द न विचारतां दादांच्या छातीवर तळहात रोवले आणि मोठ्यानें आंकडे म्हणत छाती दाबण्यास आरंभ केला. तोंवर डॉक्टरानें दादांचा सदरा कातरून छातीवर दोन पट्ट्या चिकटविल्या. "हात काढा, दूर व्हा!" दादांचा देह एकदां उसळला. पुन्हां दाबणें. पुन्हां तो झटका. मी रामरक्षा म्हणूं लागलों होतों. ती कोठवर आली होती कोण जाणे. इतक्यांत डॉक्टर म्हणाला, "आली. नाडी आली." चालकानें बाहीनें कपाळ पुसलें, खालीं उतरला, आणि गाडी पुन्हां चालूं लागली. ह्या साऱ्याला फार तर पांचसहा मिनिटें लागलीं असतील.

त्या रात्रींपर्यंत मी अशा गाडीच्या चालकास "ड्रायव्हर" ह्यापलीकडे कांहीं समजत नव्हतों. गाडी हांकणें हें त्याच्या कामाचें अर्धेंच अंग आहे, हें मला माझ्या भावाच्या छातीवर त्याचे हात पाहिल्यावर कळलें.

साताऱ्यास पोंचल्यावर पुढचें सारें यथासांग झालें. रक्तवाहिनींत अडकलेली गांठ काढली, नळी बसविली, आणि सातव्या दिवशीं दादा घरीं आले. तेथील मोठ्या डॉक्टरांनीं मोकळ्या मनानें सांगितलें कीं, आमचें काम पुढचें. पहिलें काम गाडींतच झालें होतें. वहिनींनीं निघतांना त्या डॉक्टरांना, परिचारिकांना, अगदीं लिफ्टवाल्यालासुद्धां कंदी पेढ्यांचे पुडे वाटले. गाडींतल्या दोघांची आठवण कोणालाही झाली नाहीं. मला झाली ती घरीं आल्यावर, आणि ती कां झाली तें आतां सांगतों.

त्या रात्रीं दादांना आंत नेल्यावर मी व्हरांड्यांतील बाकावर बसलों होतों. डॉक्टर कागदावर सह्या करून घेण्यास आला. चालक गाडी धूत होता. पहांटेचे चार वाजले असावेत. समोरच्या टपरीवर चहा मिळत होता. मी दोघांना बोलाविलें. खिशांतून पांचशेंची नोट काढून चालकापुढें धरली. तो मागें सरला.

"बक्षीस नगं, गुरुजी. घेतलं तर नोकरी जाईल. आन् बक्षिसानं का घर चालतंय?"

नोट खिशांत परत ठेवतांना मला जी लाज वाटली ती मी कशी झांकूं, म्हणून मी डॉक्टराला त्याच्या शिक्षणाविषयीं विचारूं लागलों. तो आयुर्वेदाचा पदवीधर. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि त्यावर एक वर्ष प्रत्यक्ष काम. बारा तासांची पाळी. कधीं बदली माणूस आला नाहीं तर तीच लांबते. नेमणूक कंत्राटी, मुदत संपली कीं पुन्हां कागद. पगाराचा आंकडा त्यानें सहज सांगितला. मी मनाशीं हिशोब केला. घरीं बसून मला जें निवृत्तिवेतन मिळतें त्याच्या दोनतृतीयांश तो भरत होता, आणि चालकाचा पगार त्या डॉक्टराच्या निम्म्याच्या आसपास होता. "आणि पुढें?" मी विचारलें. तो हंसला. "पुढें म्हणजे, सर? ह्या कामाला पुढें नाहीं. जमेल तितकें करायचें, मग दुसरें पाहायचें."

हें वाक्य मी पूर्वीं ऐकलेलें नव्हतें. पण तें मला ओळखीचें वाटलें. घरीं येऊन अंथरुणावर पडल्यावर ती ओळख पटली. दोन वर्षांपूर्वीं आमच्या नातीला एक स्थळ सांगून आलें होतें. मुलगा असाच आयुर्वेदाचा पदवीधर, रुग्णवाहिकेवर नोकरीला. घराणें चांगलें, वडील निवृत्त पोस्टमास्तर, मुलगा निर्व्यसनी. घरांत पत्रिका पाहण्याचें काम माझ्याकडे असतें. छत्तीसांपैकीं अठ्ठावीस गुण जमत होते. नाडीचा दोष नव्हता, मंगळाची अडचण नव्हती. परंतु दिवाणखान्यांत बसून आम्हीं वडील मंडळींनीं विचार केला तो असा कीं, कंत्राटी नोकरी, रात्रीअपरात्रीं अपघाताच्या जागीं धांवणें, रक्तांत हात घालणें, आणि पगार हा एवढा. अशा ठिकाणीं मुलगी कशी द्यावी? नाहीं म्हणण्याचें ठरलें. पण पगार कमी म्हणून नाकारतों असें लिहिणें आमच्या सुसंस्कृतपणाला शोभेना. तेव्हां मीं माझ्या सुवाच्य अक्षरांत उत्तर लिहिलें कीं, पत्रिका जुळत नाहीं, क्षमा असावी. ज्या शास्त्रावर मी मुलांना व्याख्यानें दिलीं त्याच्या नांवानें मी खोटें लिहिलें, आणि त्याचें मला दोन वर्षें कांहीं वाटलें नाहीं. आनेवाडीच्या रस्त्यावर जो मुलगा माझ्या भावाच्या देहावर वांकला होता तो हा नव्हता. पण तो हाही असूं शकला असता.

आम्हां संस्कृताच्या लोकांना अशा वेळीं जुनी गोष्ट आठवते. देवांचे वैद्य अश्विनीकुमार. ऋग्वेदांत त्यांचीं जीं स्तोत्रें आहेत तीं वाचतांना हे दोघे बंधु केवळ औषधें देणारे वैद्य वाटत नाहींत. ते हांकेला धांवणारे आहेत. समुद्राच्या मध्यावर सोडून दिलेल्या भुज्यूला, तुग्राच्या मुलाला, ते उचलून घरीं आणतात. रात्रींच्या लढाईंत विश्पलेचा पाय तुटतो, तर ते तत्काळ तिला लोखंडी पाय बसवितात. तापलेल्या विवरांत पडलेल्या अत्रीला ते गारवा देतात. रथ जोडून वेळीं पोंचणें, हीच त्यांची ख्याति. आणि ह्याच दोघांना देवांच्या पंक्तींत सोमरसाचा भाग नव्हता!

कां नव्हता? तैत्तिरीय संहितेंत त्याचें कारण दिलेलें आहे कीं, ते वैद्य आहेत व माणसांत हिंडतात, म्हणून अशुद्ध. महाभारतांतील च्यवनाच्या आख्यानांत इंद्र हाच आक्षेप घेतो आणि त्यांत आणखी एक शब्द घालतो: "कर्मकर". म्हणजे हे राबणारे लोक; आमच्या पंगतीला ह्यांचें काय काम? मनुस्मृतींत तर वैद्याचें अन्न निषिद्ध ठरविलें आहे आणि श्राद्धाच्या पंक्तींतून त्याला वगळलें आहे. मी हें सारें वर्गांत शिकविलें. "तो काळ वेगळा होता," असें म्हणून पान उलटलें. परंतु आमच्या दिवाणखान्यांतील त्या बैठकींत आणि इंद्राच्या आक्षेपांत काय अंतर होतें? रक्तांत हात घालणारा, लोकांत हिंडणारा, राबणारा: कारणें तींच. आम्हीं फक्त सोमाच्या जागीं सोयरीक घातली.

पण त्या संहितेंतील गोष्टीचा पुढचा भाग मला आतां अधिक महत्त्वाचा वाटतो. यज्ञाचें मस्तक तुटलें. देव धांवत अश्विनांकडे आले आणि म्हणाले, तुम्ही वैद्य आहां, हें जोडून द्या. तेव्हां अश्विनांनीं वर मागितला कीं, सोमाचा एक ग्रह, म्हणजे एक पेला, आमच्याही नांवानें काढला जावा. देवांनीं तो मान्य केला. मग त्यांनीं मस्तक जोडलें. देवांच्या वैद्यांनीं आपला वाटा मागितला ह्यांत आमच्या पूर्वजांना कांहीं लांच्छन वाटलें नाहीं. "ही तर सेवा आहे, सेवेचें मोल कसलें?" असें त्या देवांनीं त्यांना ऐकविलें नाहीं.

आम्ही मात्र तें ऐकवितों. हा "सेवा" शब्द फार सोयीचा आहे. आम्हां शिक्षकांनींही तो पुष्कळ ऐकला. वेतनश्रेणीचें नांव काढलें कीं, विद्यादान हें श्रेष्ठ दान असें कोणी तरी व्यासपीठावरून सांगे आणि शाल-श्रीफळ देई. शिक्षकांनीं तें श्रीफळ घेतलें, पण वेतनश्रेणीची मागणी सोडली नाहीं. म्हणूनच आज माझ्या हातीं निवृत्तिवेतन आहे. तें खाऊन मी दुसऱ्याला सेवेचें माहात्म्य सांगणें शोभत नाहीं. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळीं आम्हीं सर्वांनीं सज्जांत उभें राहून ह्याच लोकांसाठीं थाळ्या वाजविल्या. त्याच वर्षीं ३ मे रोजीं लष्कराच्या हेलिकॉप्टरांनीं इस्पितळांवर फुलें उधळलीं. त्यांत खोटेपणा होता असें मी म्हणत नाहीं; माझे डोळेही त्या दिवशीं भरून आले होते. परंतु आमच्या घरानें त्या मुलाला नकार दिला तो थाळ्या वाजविल्यानंतर.

आपल्याकडे ही सुविधा फार जुनी नाहीं. आज सर्वांच्या तोंडीं असलेल्या १०८ क्रमांकाची योजना २००५ सालीं हैदराबादेस सुरू झाली. महाराष्ट्रांत ती २०१४ सालीं आली. त्या वेळीं राज्यासाठीं ९३७ गाड्या ठरविण्यांत आल्या. त्यांपैकीं २३३ प्रगत उपचारांच्या साधनांनीं सज्ज आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. प्रत्येक गाडींत डॉक्टर असावा हें आपल्या राज्याच्या योजनेचें वैशिष्ट्य. फोन करणाऱ्याला एक पैसा द्यावा लागत नाहीं. पूर्वीं ज्या गांवांत सर्पदंशाचा रोगी बैलगाडींत किंवा जीपच्या मागच्या बाजूस घालून नेत, तेथें आज ही गाडी जाते. वाटेंतच प्रसूत झालेल्या बाईचें मूल ती पदरांत घालून परत आणते. २०२२ ह्या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावल्याची सरकारी नोंद आहे. ह्या एका आंकड्यावरून रस्त्याकडेच्या पहिल्या तासाचें मोल लक्षांत यावें.

मग हें काम करणारांना मोल कां नाहीं? मला जें समजलें तें असें. काम सरकारचें, पैसा लोकांचा, पण माणसें ठेकेदाराच्या पदरचीं, अशी ही व्यवस्था असते. ठेका देतांना थोड्या पैशांत काम कोण करील इकडे नजर असते. आतां गाडीची किंमत कमी करतां येत नाहीं. डिझेल बाजारभावानेंच घ्यावें लागतें. औषधें व प्राणवायु ह्यांचेंही तेंच. सर्व खर्चांत दाबतां येण्यासारखी एकच वस्तु उरते, ती म्हणजे माणसाचा पगार. तो दाबला तरी गाडी चालूं राहते, कारण दारांत मरणारा माणूस दिसत असतां हे लोक पाठ फिरवीत नाहींत. म्हणजे त्यांचें चांगुलपण हेंच त्यांच्या पगाराच्या आड येतें. शिवाय त्यांचें काम कोणाला दिसत नाहीं. इस्पितळांतील डॉक्टर सात दिवस आपल्यासमोर असतो. त्याच्या दारावर नांवाची पाटी असते. गाडींतला माणूस पाऊण तास भेटतो आणि त्या पाऊण तासांत आपले डोळे ठिकाणावर नसतात.

"गाडी हांकणाराला डॉक्टरांच्या बरोबरीनें द्यावयाचें काय?" असा प्रश्न कोणी करील. बरोबरीची गोष्ट नाहीं, न्यायाची आहे. १९८२ सालीं दिल्ली पोलिसांतील एका वाहनचालकाच्याच अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें समान कामास समान वेतन हें तत्त्व आपल्या राज्यघटनेंतून निघतें असा निर्णय दिला. पुढें २०१६ सालीं पंजाबांतील हंगामी नोकरांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें तें पुन्हां सांगितलें. परंतु मध्यें ठेकेदार आला कीं, हा माणूस मुळांत कोणाचा नोकर, येथूनच वाद सुरू होतो, आणि तो वाद मिटेपर्यंत त्याचीं मुलें शाळा संपवितात.

ज्या कौटिल्याला आपण कठोर राजनीतीसाठीं ओळखतों त्याच्या अर्थशास्त्रांत सेवकांच्या वेतनाचें एक वेगळें प्रकरण आहे. लढाईच्या वेळीं वैद्यांनीं शस्त्रें, यंत्रें, औषधें, तेल व पट्ट्या हातीं घेऊन सैन्याच्या पाठीशीं उभें राहावें असें तो सांगतो. वैद्याला जमीन तोडून द्यावी असेंही सांगतो. कामावर असतां मेलेल्या सेवकाच्या बायकामुलांना अन्न व वेतन मिळावें, आणि ठरलेलें वेतन न देणाऱ्यास दंड व्हावा, हेंही त्याच ग्रंथांत आहे. समता कौटिल्याला ठाऊक नव्हती. वरच्या मंत्र्याला ४८,००० पण आणि खालच्या सेवकाला ६० पण असे त्याचे आंकडे आहेत. पण संकटाच्या वेळीं ज्याच्यावर भिस्त ठेवावयाची त्याची चूल पेटती ठेविली पाहिजे, एवढें त्या रोखठोक माणसाला समजत होतें. चरकानेंही चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. तिसरा पाय उपाशी ठेवून उरलेल्या तिहींवर ही चिकित्सा किती दिवस उभी राहील?

दादा हिंडूंफिरूं लागल्यावर मीं दोन गोष्टी केल्या. पहिली, त्या मुलाच्या वडिलांना पत्र लिहिलें. पत्रिका जुळत होती, नकाराचें कारण निराळें होतें, आणि त्याची मला लाज वाटते, एवढेंच त्यांत होतें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. अक्षर वळणदार, भाषा अत्यंत सौजन्याची. त्यांनीं लिहिलें होतें: "पत्रिका मींही पाहिली होती. अठ्ठावीस गुण येत होते. त्यामुळें आपलें पत्र वाचतांच सर्व समजलों होतों. आपण पुन्हां लिहिलेंत, ह्यांत आपला मोठेपणा." मुलानें रुग्णवाहिका वर्षापूर्वींच सोडली. आतां तो पुण्यास एका विमाकंपनीच्या कचेरींत बसून इस्पितळांचीं बिलें तपासतो. पगार दीडपट, रविवारीं सुटी. गेल्या वैशाखांत त्याचें लग्नही झालें. म्हणजे रोग्याच्या छातीवर हात ठेवण्याचें काम येणारा एक माणूस आम्हां सर्वांच्या शहाणपणामुळें बिलांवर शिक्के मारण्यास लागला. आणि त्याला मी कोणत्या तोंडानें दोष देऊं? त्यानेंही आपल्या मुलाबाळांचा विचार केला, जसा आम्हीं आमच्या नातीचा केला होता.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. नातीला बोलावून मीं सारें सांगितलें. तिला त्या वेळीं पत्रिकेचेंच कारण कळविलें होतें. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाना, पत्रिका कोणाची पाहिली होतीत? त्याची, कीं त्याच्या पगाराची?" मी कांहीं बोललों नाहीं. ती उठून जातांना वळून म्हणाली, "आणि मला कोणी विचारलें होतें?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला तर माझ्याजवळ खोटें उत्तरही नव्हतें.

ह्या लेखाचे वाचक आमच्यासारख्याच घरांतले आहेत हें मला ठाऊक आहे. सरकारनें ह्या लोकांना कायम करावें, निदान पगार त्यांच्या शिक्षणाला व जोखमीला साजेसा ठेवावा, ठेका बदलला तरी नोकरी बदलूं नये, मतें मागावयास येणाराला आपण हें विचारावें, हें सर्व खरें आहे आणि तें व्हावयास पाहिजे. परंतु सरकार ज्या तराजूनें तोलतें तो आपल्याच दिवाणखान्यांतून उसना नेलेला असतो. आपण ज्याला जांवई म्हणून पत्करीत नाहीं त्याचा पगार वाढावा म्हणून आपण कधीं भांडत नाहीं. आणि पगार वाढत नाहीं म्हणून आपण त्याला पत्करीत नाहीं. हें चक्र कोठें तरी थांबविलें पाहिजे, आणि तें आपल्या उंबऱ्यापाशीं थांबविणें हें आपल्या हातांत आहे.

परवां संध्याकाळीं कृष्णेच्या घाटावर बसलों असतां दादांनीं विचारलें, "अरे, त्या रात्रींच्या त्या मुलाचें नांव काय? आणि त्या चालकाचें?" मी आठवूं लागलों. भुज्यूच्या बापाचें नांव मला येतें. विश्पला कोणाच्या लढाईंत जखमी झाली तेंही सांगतां येईल. त्या दोघांचीं नांवें मीं विचारलींच नव्हतीं. दादांनीं नदीकडे पाहात म्हटलें, "उद्यां जाऊन विचारून ये. जातांना पेढे घेऊन जा." थोडा वेळ थांबून ते पुन्हां म्हणाले, "आणि त्यांचा पगार वाढावा म्हणून कोठें अर्ज करावयाचा असतो तेंही विचारून ये. अर्ज तूं लिही; तुझें अक्षर चांगलें आहे. सही मी करतों."